जोडीदाराचा व्यवसाय

"इथं सही करा, ताई," देशिंगकर म्हणाले आणि सलग तीनदा शिंकले.

शिंकणारच. मी माझ्या मिरची कांडपावरनं उठून तशीच आले होते. अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला पंचा आणि नखांपासून भुवयांपर्यंत मिरची. जूनचा पहिला आठवडा म्हणजे कोल्हापुरात चटणीची शेवटची झुंबड असते. वर्षाची चटणी व्हायची राहिलेली प्रत्येक बाई त्या आठवड्यात डबा घेऊन दारात बसते आणि माझ्या नावानं बोटं मोडते. अशा वेळी कांडपवालीला कुणी सीएच्या एसी केबिनमध्ये बोलावलं, तर ती अत्तर लावून येणार आहे थोडीच.

देशिंगकर पुण्यात एका अमेरिकन कंपनीसाठी करांची कामं करून गावी परतलेले. आमच्या गावात अमेरिकेचं कर-विवरण भरून देणारा दुसरा कुणी मला तरी माहीत नव्हता. टेबलाच्या अलीकडे तीन खुर्च्या होत्या. एकीवर माझा थोरला भाऊ उत्तमदादा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी पँट. मधल्या खुर्चीवर माझा नवरा डेल. तिसरी रिकामी होती, पण मी बसले नाही. खुर्चीचं कापड पांढरं होतं.

डेल आयोवाचा. तिकडं म्हणे मका आणि कुस्ती सोडून दुसरं काही पिकत नाही. शाळेतल्या पोरांना कुस्ती शिकवायचा. लाल मातीतली कुस्ती बघायला म्हणून आमच्या पेठेतल्या तालमीत आला आणि राहिलाच. तालमीला लागून जे गाळे आहेत त्यातल्या शेवटच्या गाळ्यात माझं कांडप. तो जोर मारून बाहेर यायचा आणि माझ्या दारात येऊन खोकायचा. वर्षभर खोकला. मग आम्ही रजिस्टर लग्न केलं. तेव्हा दादानं चौकात फलक लावला होता, दाजींचा फोटो माझ्यापेक्षा दुप्पट मोठा.

"समजावून सांगतो," देशिंगकर नाक पुसत म्हणाले. "डेल सरांनी एकट्यानं विवरण भरलं तर त्यांना कर जास्त बसतो. नवराबायकोनं मिळून भरलं तर कमी. पण तुम्ही अमेरिकन नाही. म्हणून दोघांच्या सहीचं एक निवेदन जोडायचं, की करापुरतं माझ्या बायकोला अमेरिकेची रहिवासी धरा. एकदा तसं धरलं, की मग तुमची जगात कुठलीही कमाई असेल ती तिथं दाखवायची."

"आन् कमाई तर काहीच नाही," दादा म्हणाला. "कर सही, शाले. बायका खोळंबल्यात तिकडं."

मी वाकले. कागदाच्या तळाला दोन सह्यांच्या जागा. डेलची सही झालेली, उसाच्या कांड्यासारखी उभी. सहीशेजारी एकेक चौकोन. त्यात ज्याचा त्याचा व्यवसाय लिहायचा. डेलच्या चौकोनात 'रेसलिंग कोच'. माझं शिक्षण आठवीपर्यंत. इंग्रजी मी मसाल्याच्या पोत्यांवरनं आणि डेलच्या शिव्यांवरनं शिकले. तरी माझ्या चौकोनातलं मला वाचता आलं.

"हाऊसवाइफ," मी मोठ्यानं वाचलं. "हे कुणी सांगितलं?"

देशिंगकरांनी दादाकडं बघितलं. दादानं पंख्याकडं.

आमच्यात ही रीतच आहे. बाईला काही विचारलं की उत्तर शेजारचा पुरुष देतो. डॉक्टरनं 'कुठं दुखतंय' म्हणून विचारलं तरी सांगणार तोच. आणि 'आमच्या घरातल्या बायका काम करत नाहीत' हे वाक्य आमचे पुरुष असं छाती काढून म्हणतात, जसं काही स्वतः करतात.

"दादा, मी घरी बसून असते व्हय?"

"आगं, तसं लिहायचं असतंय. कागदाला काय कळतंय?"

"कागदाला कळत नाही, पण वाचणाऱ्याला कळतं," देशिंगकर मध्येच म्हणाले. मनाविरुद्ध म्हणाले असावेत. "सहीच्या वर बारीक अक्षरात लिहिलंय. ही माहिती खरी आहे, खोटी निघाल्यास शिक्षेस पात्र राहू. ती शपथ दोघांची असते, ताई. सही केली की सरांइतकीच तुमचीही."

"अमेरिका काय कांडपावर बघायला येतीया?" दादा हसला.

मी डेलकडं वळले. "आणि तू? तू कशी केलीस सही?"

डेलनं मराठी तालमीत शिकली. त्यामुळं तो बायकांशीही पैलवानांशी बोलल्यासारखाच बोलतो. तो उठून उभा राहिला, कान लाल झालेले.

"मला वाटलं कांडप दादाचं हाय रं. तू मदत करतीस." मग हळूच म्हणाला, "तूच म्हणतीस की. रोज म्हणतीस. 'दादाच्या कांडपावर चालले.'"



म्हणत होते खरी. पहिल्या सासरहून मी सहा महिन्यांत परत आले, तेव्हा अंगावर पाटल्या होत्या आणि पाठीवर वळ. पाटल्या मोडून मशीन घेतलं. बिल दादाच्या नावावर, कारण दुकानदारानं मला विचारलंच नाही. मीटर दादाच्या नावावर, कारण बाईच्या नावावर मीटर कशाला. मुसळं माझ्या अंगावर, ठसका माझ्या छातीत, बायकांची भांडणं माझ्या डोक्यात आणि गल्ला रोज संध्याकाळी दादाच्या खिशात. त्यातला खर्चाला तो द्यायचा. देताना प्रत्येक वेळी विचारायचा, "कशाला पाहिजेत?" आणि मी कांडपाला दादाचं म्हणत होते, आई घराला 'ह्यांचं घर' म्हणायची तसंच.

"बदला," मी देशिंगकरांना म्हणाले.

"काय लिहू?"

"मालक. मिरची कांडपाची मालक."

देशिंगकरांनी चष्मा काढला. "ताई, मालक लिहिलं तर कमाई दाखवावी लागेल. डेल सरांचा फायदा बराच कमी होईल. शिवाय मग इथंही तुमच्या नावानं विवरण भरावं लागेल."

"म्हणजे मला कर बसेल?"

"बसेल."

"माझ्या नावावर?"

"तुमच्याच."

काय सांगू! आजवर माझ्या नावावर काय होतं? एक सोडचिठ्ठी आणि रेशन कार्डावर शेवटून दुसरी ओळ. आणि हा माणूस म्हणत होता की एक नाही, दोन-दोन सरकारं मला नावानं हाक मारून पैसे मागणार.

"मग बसू दे की!" मी ओरडले. काचेपलीकडं टायपिंग करणारी मुलगी दचकून थांबली.

"येडी झालीस काय, शाले?" दादा उठला. "लोक कर चुकवायला सीएकडं येत्यात आणि ही लावून घ्यायला आलीया! दाजी, सांगा की हिला. तुमचाच पैसा जाणार हाय."

डेलनं दादाकडं बघितलं, मग माझ्याकडं. कुस्तीत तो असाच बघतो, आधी पायांकडं. "जाऊ दे," तो म्हणाला. "माझी सही खोटी झाली. मला ती नको."

दादाचं तोंड बघण्यासारखं झालं. 'दाजी' म्हणताना पुढं केलेला हात तसाच राहिला.

"एक अडचण आहे," देशिंगकर म्हणाले. आता ते हळूहळू रंगात आले होते, शिंकाही थांबल्या होत्या. "उत्तमरावांचं इथलं विवरण मीच भरतो. त्यात कांडप त्यांचं दाखवलंय. एक धंदा दोन जागी दोघांचा असा सांगता येणार नाही. दोन्हींपैकी एक खोटं. मी ताईंचं लिहिलं तर माझ्या हातात काहीतरी कागद पाहिजे. गाळा तालमीचा ना? तालमीच्या अध्यक्षांनी लिहून द्यावं, की धंदा कोण चालवतं, भाडं कोण देतं. मग मी बिनधास्त लिहितो आणि उत्तमरावांचं दुरुस्त करतो. पण आजच. तुमचा अमेरिकेचा करदात्याचा नंबर नवीन काढायचाय, त्यासाठी हे सगळं प्रत्यक्ष पाठवावं लागतं. संध्याकाळच्या कुरिअरला गेलं तर मुदतीत पोचतं. नाहीतर ह्या वर्षी आहे तेच पाठवायचं."

"आहे तेच जाईल," दादा म्हणाला. "हिंदुराव वस्ताद दुसऱ्याच्या घरात नाक खुपसत नाहीत. आणि शाले, मालक व्हायची एवढी हौस असंल तर ऐक. मीटर माझ्या नावावर हाय. उद्यापासनं मुसळ हातानं हलव."

तो गेला. मी आणि डेल जिना उतरलो नाही, अक्षरशः सांडलो. स्कूटर मी चालवली. माझ्या पाठीमागं एवढा मोठा गोरा माणूस आणि वाऱ्यानं माझ्या शर्टातली मिरची उडून त्याच्या डोळ्यात. सिग्नलला एक रिक्षावाला म्हणाला, "वहिनी, पावण्यांस्नी रडवताय कशाला?" डेल खरंच घळाघळा रडत होता आणि हसतही होता. मला आयुष्यात पहिल्यांदा कुठंतरी पोचायची इतकी घाई झाली होती.

तालमीत संध्याकाळची मेहनत चालू होती. आत मारुती आहे, म्हणून बाईनं उंबरा ओलांडायचा नाही. पेठेतली एकही बाई तोवर आत गेलेली नव्हती. स्वतः वस्तादांच्या बायकोनंही त्यांना डबा दारातूनच दिला. मी बाहेर थांबले. डेल आत गेला.

लगेच परत आला.

"वस्ताद म्हणतात, बहीणभावाचं भांडण हाय. ते मधी पडत नाहीत." डेलनं हात पसरले. "आणि म्हणाले, शेवटची जोड सुटल्याशिवाय लाल मातीच्या हौदापासनं हलणार नाहीत."

"शेवटची जोड कधी सुटते?"

"अंधार पडल्यावर."

मी चपला काढल्या.

"शालन, थांब रं!" डेल म्हणाला. पण मला अडवायला त्यानं हात पुढं केला नाही, हे मी आजही त्याच्या बाजूनं धरते.

मी उंबरा ओलांडला.

कुणीतरी "बाई! बाई आली!" असं ओरडलं, जसं काही अस्वल आलं. रोज चार-चार लिटर दूध पचवणारे गडी लंगोटावर हात धरून खांबामागं पळाले. एकजण पाण्याच्या टाकीत उतरला. हौदात दोघांची पकड लागलेली होती, ते एकमेकांना सोडीनात, कारण सोडलं तर लपायला काही नव्हतं. आणि तेवढ्यात माझ्या अंगावरची मिरची त्यांच्या नाकात गेली. एकानं शिंक दिली. दुसऱ्यानं दिली. मग सगळी तालीम शिंकायला लागली. खांबामागून शिंका, टाकीतून शिंका, हौदात पकडीतली जोड शिंकत शिंकत मातीत लोळायला लागली.

हिंदुराव वस्ताद हौदाच्या काठावर पंचा गुंडाळून उभे होते. सत्तरी ओलांडलेली, मान अजून खांबासारखी. त्यांना शिंक येत होती, पण ते तिला येऊ देत नव्हते.

"शालन," ते म्हणाले, "उंबरा दिसला न्हाई तुला?"

"दिसला. नऊ वर्सं दर महिन्याला भाडं घ्यायला माझ्या दारात येताय, तवा मला वाटलं उंबऱ्याचं आपल्यात काय नसतंय."

खांबामागं कुणीतरी फिस्सकन हसलं. वस्तादांनी तिकडं बघितलं. हसू बंद.

"भाडं कुणाच्या हातनं घेतलासा?" मी विचारलं.

"तुझ्या."

"दादाच्या हातनं कधी?"

"एकदाबी न्हाई."

"मग तेवढंच लिहून द्या. माझ्या बाजूनं बोलू नका, त्याच्या बाजूनं बोलू नका. डोळ्यांनी बघितलंय तेवढंच लिवा."

वस्ताद खाली बसले. मला वाटलं, झालं, संपलं. मग ते म्हणाले, "तू अमेरिकेला कवा निघालीस?"

"मी? कोण म्हणालं?"

"उत्तम काल यिऊन गेला. म्हणाला, बहीण नवऱ्याबरोबर चालली. कांडप बंद. गाळा मोबाईलवाल्याला द्यायचा ठरवलाय, तेवढं कमिटीत मंजूर करा. मी इचारलं, शालनला इचारलंस काय? तर म्हणाला, ती तर सरकारी कागदावर लिहून देणार हाय, की तिचा काय धंदा न्हाई, ती घरीच असती."

माझ्या कानात मुसळं सुरू झाली.

म्हणजे तो कागदाला काय कळतंय म्हणत होता, पण त्याला पुरतं कळत होतं. दुपारच्या उन्हात इस्त्री मोडू न देता तो सीएकडं येऊन बसला होता ते दाजींच्या प्रेमापोटी नव्हे. माझ्याच सहीनं मला गाळ्यातून उठवायचं होतं. आणि मी सही करून बायकांचे डबे गाठायला पळत सुटले असते, दादाच्या कांडपावर.

रडू येईल असं वाटलं. आलं नाही. आला तो असा जोर, की वाटलं हौदात उतरून त्या जोडीतल्या दोघांनाही चीत करावं.

"वस्ताद," मी म्हणाले, "हौदात कोण उतरलं आणि काठावर कोण उभं होतं, हे तुम्ही अंगावरच्या मातीवरनं वळखता न्हवं? मग माझ्याकडं बघा." मी दोन्ही हात पुढं केले. मिरचीनं कातडी सोललेली, नखं कायमची लाल. "आणि दादाचा शर्ट आठवा. नऊ वर्सांत त्याच्यावर एक तरी लाल ठिपका बघितलासा?"

वस्तादांनी माझे हात बघितले. तोंड उघडलं आणि मला वाटलं आता नाही म्हणणार. तेवढ्यात त्यांना इतका वेळ दाबलेली शिंक आली. अशी शिंक, की मारुतीपुढचा दिवा विझला.

"कागद आणा रं!" ते ओरडले. "आन् शिक्का! हिला लवकर बाहीर काढा, न्हाईतर माझी पोरं शिंकून मरतील!"

टाकीतला गडी तसाच ओला कपाटाकडं पळाला. वस्तादांनी तालमीच्या कागदावर एकेक अक्षर जोर मारल्यासारखं काढलं. 'सदर गाळ्यात मिरची कांडपाचा धंदा श्रीमती शालन ह्या स्वतः करतात. भाडे त्या देतात. इतर कोणी दिलेले नाही.' शिक्का मारला आणि वर बघून म्हणाले, "दिवा लावून जा. इझलाय तुझ्यापायी."

मी मारुतीपुढचा दिवा लावला. पेठेत असं करणारी पहिली मीच. पुढं कितीतरी दिवस काही म्हातारे म्हणत होते, यंदा तालमीचं काय खरं नाही. त्या वर्षी आमच्या पोरांनी तीन गदा आणल्या.

आम्ही परत पोचलो तेव्हा देशिंगकर खाली पायऱ्यांवर येऊन उभे होते. सीए माणूस पायऱ्यांवर उभा राहून वाट बघतोय, हे मी तेव्हा एकदाच बघितलं. त्यांनी दाखला वाचला, दोन पायऱ्या एकदम चढत वर गेले, स्वतः टाइप केलं. कमाईचा आकडा त्यांनी विचारला तेव्हा मी डोळे मिटून किलोत सांगितला आणि त्यांनी रुपयांत केला.

"हं. वाचा आता," ते म्हणाले.

मी वाचलं. 'चिली मिल ओनर.' चौकोन लहान होता, अक्षरं दाटीवाटीनं बसली होती.

डेलनं परत सही केली. मग मी. पेन हातातून निसटत होतं. माझी सही तोवर मी कशाकशावर केली होती? सोडचिठ्ठीवर, लग्नाच्या रजिस्टरवर, दादा बोट ठेवेल त्या कागदावर. वाचून अशी कधीच केली नव्हती. सही झाल्यावर कागदाच्या कोपऱ्यात माझ्या अंगठ्याचा लाल ठसा उमटला.

"अरे देवा," देशिंगकर म्हणाले. "परत काढू का?"

"असू दे," डेल म्हणाला. "त्यांना पण शिंकू दे."

कुरिअरवाल्यानं पाकीट पिशवीत टाकलं तेव्हा मी त्याच्या मोटरसायकलमागं वळणापर्यंत धावले. का धावले माहीत नाही. धावावंसं वाटलं.

दादानं शब्द पाळला. तिसऱ्या दिवशी वीज तुटली. रांगेतल्या बायकांनी एकच गिल्ला केला. वस्तादांनी तालमीची पोरं पाठवली, त्यांनी गणपतीच्या मिरवणुकीचा जनरेटर ढकलत आणून माझ्या दारात लावला. त्याचा आवाज एवढा, की दहा दिवस बायका एकमेकींशी हातवारे करूनच भांडल्या. माझ्या नावाचा मीटर बसेपर्यंत मी त्याच्यावर चटणी कांडली. दादा एकदाही फिरकला नाही. माझं माहेर त्या जूनमध्ये बंद झालं. आता इतकी वर्षं झाली, ते बंदच आहे. बायका विचारतात, वाईट नाही वाटत? वाटतं. दिवाळीला जास्त वाटतं. पण कुणी विचारलं की परत तसंच करशील का, तर मी त्या बाईला विचारते, तुझी मिरची किती किलो?

जनरेटर धडधडत होता त्यातल्याच एका दुपारी, छायावहिनी आल्या. दादाची बायको. डोक्यावर पदर, हातात दोन मोठे डबे, उन्हानं चेहरा काळवंडलेला. सगळ्या रांगेनं वळून बघितलं.

मी मशीन थांबवलं. जनरेटर थांबवता येत नव्हता, म्हणून आम्ही दोघी ओरडूनच बोललो.

"वन्सं, त्यांनी दुसऱ्या कांडपावर जायला सांगितलं होतं!"

"मग इकडं कशा आला? दादाला कळलं तर?"

"कळू दे की! चटणी शेवटी त्यांनाच खायची हाय!"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि त्यातून नोटा काढून माझ्यासमोर धरल्या. कांडप सुरू केल्यापासून त्या घराची चटणी माझ्या कांडपावर फुकट होत आली होती. कुणी पैसे दिले नव्हते, मी मागितले नव्हते. आपलंच तर कांडप, दादाचं.

नको म्हणून माझा हात वर आला होता. वहिनींचा हात तसाच राहिला. मागं जात नव्हता.

मी पैसे घेतले.

वहिनींनी डबे उचलले आणि जाऊन रांगेच्या अगदी शेवटी बसल्या.